मदत हवी आहे : काळ्या मनुका की काळे बेदाणे?

नमस्कार मंडळी. आईला वैद्यांनी रात्री भिजवलेल्या दहा काळ्या मनुका सकाळी चावून खायला सांगितल्यात. वाण्याकडून पाव किलो आणल्या, तर एकीतही बी नाही! आई म्हणते, "हे काळे बेदाणे. मनुकेत बी असतेच." तिच्या लहानपणीच्या मनुका मोठ्या, मऊ, दाताखाली बी कचकन लागणाऱ्या. मलाही तिचंच पटतंय.

दुसरं म्हणजे, शिऱ्यासाठी आमच्याकडे तासगावचा बेदाणा असतो. थॉम्पसन द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळीवर सावलीत वाळवली की हिरवा बेदाणा होतो आणि पिवळ्यासाठी गंधकाची धुरी देतात, एवढं माहीत आहे. यंदाचा अगदी पिवळाधमक आहे, पण डबा उघडला की नाकाला झोंबतो. आईला दमा आहे आणि गंधकाने दमा उसळू शकतो, म्हणून डबा तसाच बाजूला ठेवलाय.

तासगाव-पंढरपूरकडे कुणी स्वतः बेदाणा करत असाल तर कृपया सांगा, बिनधुरीचा माल नेमका कसा ओळखायचा? धुतल्याने गंधक कितपत निघतं? आणि बीवाल्या काळ्या मनुका पुण्यात कुठे मिळतील?