अ‍ॅपलेशियाचे डोंगरी संगीत एकाकीपणामुळे टिकले, हे कितपत खरे?

गोदाकाठ_श्रोता (नाशिक)

गंगापूर रोडवर आमचा एक लहानसा श्रवणगट आहे. दर महिन्याला एक संगीतपरंपरा निवडून तिची ध्वनिमुद्रणे सलग ऐकायची आणि मग तिच्याविषयी बोलायचे, असा आमचा रिवाज आहे. पुढच्या बैठकीसाठी अमेरिकेच्या पूर्व भागातील अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेचे पारंपरिक संगीत निवडले असून प्रास्ताविकाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतल्या डोंगराळ गावांविषयी जे काही वाचले, त्यात एक विधान पुनःपुन्हा भेटते. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधून आलेली कुटुंबे या दऱ्याखोऱ्यांत स्थिरावली, डोंगरांनी त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडला आणि म्हणूनच त्यांची गाणी व फिडलवरच्या (म्हणजे तिथल्या लोकशैलीत वाजणाऱ्या व्हायोलिनवरच्या) धुना जशाच्या तशा राहिल्या, असे ते विधान आहे.

हे खरे आहे का, हा माझा पहिला प्रश्न. तो केवळ जिज्ञासेपोटी विचारत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या वादनाविषयीही हाच तर्क ऐकू येतो, की डांबरी रस्ता झाला, मोबाइल आला, आता हे संपणार. एकाकीपणामुळेच संगीत टिकत असेल, तर आपल्या हाती करण्यासारखे काहीच उरत नाही. दुसरा प्रश्न असा, की अ‍ॅपलेशियातल्या लहान गावांत आज लोक स्वतःसाठी वाजवतात की येणाऱ्या पर्यटकांसाठी? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

देवराई

मी शिक्षणाच्या निमित्ताने नैऋत्य व्हर्जिनियात काही वर्षे राहिलो आणि तेव्हापासून या विषयाचे वाचन सुटलेले नाही. आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे.

एकाकीपणाची ही कल्पना रूढ होण्यात इंग्लंडहून आलेले लोकगीतसंग्राहक सेसिल शार्प यांचा मोठा वाटा आहे. मॉड कारपेलीस या त्यांच्या सहकारी. या दोघांनी १९१६ ते १९१८ या काळात डोंगरांतून हिंडून गाणी टिपली. ते काम अमोल आहे, परंतु शार्प यांना हवी होती ती इंग्लंडची जुनी गाणी. फिडल-बँजोच्या वाद्यसंगीताकडे, चर्चमधल्या गायनाकडे आणि कृष्णवर्णीय गायक-वादकांकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. ज्याने केवळ इंग्लंडच शोधले त्याला इंग्लंडच सापडले, आणि ते चित्र पुढे सर्वत्र पसरले.

प्रत्यक्षात या संगीताचे जे सर्वांत ओळखीचे वाद्य, तो बँजो (छेडून वाजवायचे तंतुवाद्य), आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या परंपरेतून आला. त्याची सुरुवातीची रूपे वाळलेल्या भोपळ्यावर कातडे ताणून बनवलेली होती. फिडल युरोपातून आले. गिटार तर फार उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी, व्यापारी कंपन्यांच्या सूचिपत्रांतून टपालाने मागवून डोंगरात पोहोचली. आज जिला आपण या प्रदेशाची जुनी वाद्यसंगत म्हणतो, ती अशी तीन दिशांनी येऊन एकत्र झाली आणि त्यात रेल्वेचा व टपालखात्याचा हात आहे.

यासाठी ब्रिस्टल या गावाचे उदाहरण आपल्या प्रास्ताविकात अवश्य घ्यावे. हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवर असून त्याच्या मुख्य रस्त्याच्या मधूनच राज्यांची हद्द जाते. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हिक्टर कंपनीचे राल्फ पिअर यांनी तिथल्या एका जुन्या टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत तात्पुरता ध्वनिमुद्रणकक्ष उभारला आणि १९ कलाकार व गटांची ७६ गाणी मुद्रित केली. आरंभी प्रतिसाद बेताचा होता. मग अर्नेस्ट स्टोनमन या सुतारकाम करणाऱ्या कलाकाराला त्याच्या ध्वनिमुद्रिकांपोटी मागील वर्षी ३,६०० डॉलरहून अधिक रक्कम मिळाल्याची बातमी स्थानिक वृत्तपत्रात आली, आणि आसपासच्या दऱ्यांतून लोकांची रीघ लागली. ज्यांना वृत्तपत्र मिळते, ज्यांना ३,६०० डॉलरचे मोल कळते आणि जे वाद्य घेऊन आगगाडीत बसू शकतात, त्यांना जगापासून तुटलेले कसे म्हणावे?

त्याच दिवसांत क्लिंच माउंटनच्या पायथ्याच्या मेसेस स्प्रिंग येथून ए. पी. कार्टर, त्यांच्या पत्नी सारा आणि गरोदर असलेल्या भावजय मेबेल असे तिघे मोटारीने ब्रिस्टलला आले. कार्टर कुटुंब म्हणून पुढे ते विख्यात झाले. नंतरच्या वर्षांत नवी गाणी मिळवण्यासाठी ए. पी. कार्टर गावोगाव फिरत, तेव्हा लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्या सोबत असत. शब्द कार्टर टिपून घेत आणि चाल रिडल यांच्या स्मरणात राही. मेबेल यांच्या गिटारवादनावरही रिडल यांचा प्रभाव होता. वर्णभेदाच्या कायद्यांनी जखडलेल्या त्या काळात या दोघांनी एकत्र प्रवास करून गाणी गोळा केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि ती वगळून सांगितलेला इतिहास अपुरा आहे असे माझे ठाम मत आहे.

सातमाळा

देवराई यांचे विवेचन आवडले, तरी एका बाबतीत मतभेद नोंदवतो. पूर्व केंटकीतल्या ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट मंडळींचे चर्चगायन ऐकावे. तिथे वाद्य नाही आणि स्वरलिपीही नाही. एक जण ओळ भरभर उच्चारून देतो आणि मग सारी मंडळी तीच ओळ अतिशय संथ लयीत, प्रत्येक जण आपापली वळणे घेत, एकसुरात गाते. सतराव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये पुस्तके थोडी आणि वाचणारेही थोडे असताना रुजलेली ही रीत आहे. बाहेरच्या बहुतेक गोऱ्या चर्चमधून ती गेली आणि तिथे राहिली. मग डोंगराचा काहीच वाटा नाही, असे म्हणता येईल का?

दुसरे असे, की या प्रदेशाविषयी बोलताना कोळसा विसरता येत नाही. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियातली कित्येक गावे खाणकंपन्यांनी वसवली. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, आणि अनेक ठिकाणी मजुरीसुद्धा फक्त त्याच दुकानात चालणाऱ्या कंपनीच्या चलनात मिळे. हार्लन काउंटीतल्या खाणकामगारांच्या लढ्यात १९३१ साली फ्लॉरेन्स रीस यांनी जुन्या चालीवर रचलेले गाणे पुढे अमेरिकेतल्या कामगार चळवळीत सर्वत्र गायले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर खाणींत यंत्रे आली, हातांना काम उरले नाही, आणि लाखो लोक सिनसिनाटी, डेट्रॉइट, शिकागो, बाल्टिमोर अशा शहरांत गेले. हेझल डिकन्स ही खाणकामगाराची मुलगी वेस्ट व्हर्जिनियातून बाल्टिमोरला गेली, कारखान्यात काम करू लागली आणि तिथल्या संगीतप्रेमी मंडळींत गाऊ लागली. बहीण-भावंडे पोटासाठी शहरात गेली की त्यांच्या घरी डोंगरातली गाणी अधिकच आस्थेने गायली जातात. कळवण-सुरगाण्याहून सातपूर-अंबडला आलेल्या कुटुंबांना हे निराळे सांगावे लागणार नाही.

देवराई

सातमाळा यांचा आक्षेप रास्त आहे. मात्र ओळ देऊन गाण्याची ही रीत कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट चर्चमध्येही, अगदी सपाट प्रदेशांत आणि शहरांतही, टिकून राहिली आहे. पूर्व केंटकीतल्या मंडळींना पियानो आणि स्वरलिपीची पुस्तके ठाऊक नव्हती असे नाही. त्यांनी ती जाणीवपूर्वक नाकारली, कारण उपासनेत केवळ मानवी आवाज असावा अशी त्यांची श्रद्धा आहे. डोंगरामुळे वेग कमी झाला असेल, हे मी मान्य करतो, परंतु जपण्याचा निर्णय माणसांचाच होता.

चारतारा

मी व्हायोलिन वाजवते आणि नातेवाइकांकडे अमेरिकेत गेले असताना अशा वादकांच्या बैठकीत बसण्याची संधी मला मिळाली. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते.

व्हर्जिनियातले फ्लॉइड हे साडेचारशेच्या आसपास वस्तीचे गाव. तिथल्या जुन्या दुकानात, फ्लॉइड कंट्री स्टोअरमध्ये, दर शुक्रवारी संध्याकाळी मैफल भरते. आधी भक्तिसंगीत, मग नाचासाठी वाजवणारे गट. लाकडी जमिनीवर वृद्ध जोडपी, शाळकरी मुले आणि परगावचे पाहुणे एकत्रच नाचतात. पाहुणे पुष्कळ असतात हे खरे, तरी उन्हाळ्यात बाहेर पदपथावर खुर्च्या मांडून जे वाजवत बसतात त्यांच्यापुढे श्रोता असो वा नसो, त्यांचे वाजवणे चालू असते. शेजारच्या गॅलॅक्स गावी १९३५ पासून दर ऑगस्टमध्ये फिडलवादकांचा मोठा मेळावा भरतो आणि तिथेही माझ्या मते खरे संगीत व्यासपीठावर नसून आवारात उभ्या केलेल्या तंबूंमधून चालते.

जुन्या धाटणीच्या, म्हणजे ज्याला तिथे ओल्ड टाइम म्हणतात त्या बैठकीची शिस्त समजून घेण्यासारखी आहे. सगळे वर्तुळात बसतात. एक जण धून सुरू करतो आणि मग सर्व जण तीच धून एकत्र, दहा-पंधरा वेळा आवर्तन करत वाजवतात. ब्लूग्रास या नंतर घडलेल्या शैलीमध्ये प्रत्येक वादकाला आपले कौशल्य दाखवण्याची स्वतंत्र पाळी मिळते, तशी इथे नसते. ज्याने धून सुरू केली तो शेवटच्या आवर्तनात पाय उचलतो आणि सगळे एकाच क्षणी थांबतात. बँजो प्रत्येक पट्टीसाठी नव्याने लावावा लागतो, म्हणून बराच वेळ एकाच पट्टीतल्या धुना वाजवल्या जातात. नवख्याने वर्तुळाच्या बाहेर बसून हळू आवाजात साथ करावी, असा संकेत आहे, आणि मला तसे करताना कोणी अडवले नाही.

आपल्या गटातल्या व्हायोलिनवादकांना एक गोष्ट आवर्जून सांगा. ए पट्टीतल्या धुनांसाठी तिथले फिडलवादक खालच्या दोन तारा चढवून ए-ई-ए-ई अशा लावतात. आपल्या भाषेत हे सा-प-सा-प झाले. आपल्याकडेही व्हायोलिन षड्ज-पंचमाच्या जोडीतच मिळवतात, म्हणून त्या लावणीवर माझा हात लगेच बसला. शेजारची मोकळी तार सतत घुमत राहते आणि बँजोची आखूड पाचवी तार अंगठ्याने तोच आधारस्वर देत राहते. मात्र कमान धरायची पद्धत अगदी निराळी आहे. लय सारी कमानीत असते, कारण हे नाचाचे संगीत आहे.

पेठ_रस्ता

मी सुरगाणा तालुक्यातल्या शाळेत शिक्षक आहे. टॉमी जॅरेल यांचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. नॉर्थ कॅरोलायनातल्या माउंट एअरी गावाजवळ राहणारे हे फिडल आणि बँजो वादक (१९०१–१९८५) राज्याच्या महामार्ग विभागात नोकरीला होते आणि रस्ते सपाट करणारे यंत्र चालवत. १९६६ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर देशभरातून तरुण मुले त्यांच्या घरी शिकायला येऊ लागली, स्वयंपाकघरात त्यांच्याशेजारी बसून शिकू लागली, आणि त्या मुलांमुळे राउंड पीक नावाची ती स्थानिक शैली जगभर गेली. रस्ता आला म्हणून संगीत संपले, असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

त्याच गावात १९४८ पासून डब्ल्यूपीएक्यू हे आकाशवाणी केंद्र दर शनिवारी परिसरातल्या वादकांना प्रत्यक्ष प्रक्षेपणात वाजवू देते. शाळेच्या दृष्टीने मात्र मला सर्वांत उपयोगी वाटते ती २००० साली नॉर्थ कॅरोलायनातल्याच स्पार्टा गावातल्या प्राथमिक शाळेत हेलन व्हाइट या समुपदेशक बाईंनी सुरू केलेली योजना. शाळा सुटल्यावर मुलांना फिडल, बँजो किंवा गिटार हातात द्यायची, परिसरातल्या वादकांनी शिकवायचे आणि शिकवताना चाल कानाने द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. पुढे ती इतर राज्यांतल्या डोंगराळ भागांतही गेली. आमच्याकडे डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते, मुले मागे मागे नाचतात आणि त्यातल्या एखाद्याला वाद्य हाती मिळते. बाकीच्यांना मिळत नाही, कारण वाद्य एकच असते आणि ते बनवणारेही थोडेच उरले आहेत. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि शिंग हे साहित्य दुर्मीळ नाही. बनवणाऱ्याला शाळेत बोलावून योग्य मानधन देणे एवढेच करायचे आहे, आणि ते रस्त्यामुळे अधिक सोपे झाले आहे.

गोदाकाठ_श्रोता (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रास्ताविकाची दिशा आता पूर्ण बदलेन. शिक्षक महोदय, आपल्याला स्वतंत्र संदेश पाठवला आहे. पावरी बनवणाऱ्या कारागिराच्या मानधनाचा आणि प्रवासखर्चाचा भार आमचा गट आनंदाने उचलेल. चारतारा ताई, दीड तासात काय आणि कोणत्या क्रमाने ऐकवावे, हे आपण सुचवाल का?

चारतारा

आरंभी पूर्व केंटकीचे चर्चगायन ठेवा, कारण भजनाला सरावलेला कान त्यात लगेच शिरतो. मग टॉमी जॅरेल यांचे फिडल, आधी एकट्याचे आणि नंतर बँजोच्या साथीने. त्यानंतर नॉर्थ कॅरोलायनातल्या एटा बेकर यांची गिटार, म्हणजे कृष्णवर्णीय वादकांचा वाटा सांगण्याऐवजी ऐकवता येईल. ब्रिस्टलची १९२७ ची मुद्रणे शेवटी घ्या. ती जुनी आहेत आणि त्यांत खरखर आहे, म्हणून आधीच्या ध्वनींची ओळख झाल्यावरच ती नीट ऐकू येतात. आणि जॅरेल यांची धून मध्येच बंद करू नका. पहिल्या दोन आवर्तनांत फक्त चाल कळते, कमानीची लय त्यानंतर उलगडू लागते.