मदत हवी आहे: १९६५ ची जॅझमास्टर गिटार, खर्जाची तार सॅडलवरून निसटते. पाचर घालू का?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात इथे सॅन होजेत शेजारच्या आजोबांकडून फेंडर जॅझमास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घेतली. व्हॉल्यूमच्या पॉटवर (बटणाखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) ३०४६५२० हा आकडा आहे. ३०४ म्हणजे स्टॅकपोल ही तो बनवणारी कंपनी, पुढे १९६५ चा २० वा आठवडा. पॉट मूळचा असेल तर गिटार त्याआधीची नाही.

तिच्या आवाजावर जीव जडलाय. रुंद, चपटे पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबकी भाग). वरच्या शिंगाजवळचा छोटा स्विच सरकवला की फक्त नेकजवळचा (गिटारच्या मानेजवळचा) पिकअप चालतो, आणि त्याला व्हॉल्यूम-टोनची वेगळी दोन चाकं आहेत. रात्री घरचे झोपले की मी तेवढाच आवाज वाजवत बसतो.

अडचण ब्रिजची, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीची आहे. खर्जाची तार जोरात छेडली की सॅडलच्या (ब्रिजवरचा तारेखालचा छोटा तुकडा) एका खाचेतून शेजारच्या खाचेत जाते आणि झणझणते. सतारीच्या घोडीवर जवारी हवीच, इथे मात्र सूरच मरतो.

कारण मला असं दिसतं: टेलपीस (तारांची टोकं अडकवायचा भाग) ब्रिजपासून बराच मागे, त्यामुळे तारा अगदी थोड्या कोनात खाली उतरतात आणि ब्रिजवर दाब कमी पडतो. त्यात सॅडलना स्क्रूच्या आट्यांसारख्या उथळ खाचा. १९५८ साली हे मॉडेल आलं तेव्हा जाड तारा सर्रास वापरत, त्यांना एवढा दाब पुरत असे. मी मात्र बारीक, ०.००९ चा सेट (सर्वात बारीक तार ०.००९ इंच) लावलाय.

आता ०.०११ चा सेट आणलाय. नेक बसतो त्या खोबणीत पाचर घालून नेक किंचित मागे कलवावा आणि ब्रिज उंच करावा, म्हणजे कोन वाढेल, असा विचार आहे. त्या काळी कारखान्यातही पाचर घालत, म्हणून फार अपराधी वाटत नाही. पण जाडी किती ठेवू? पुठ्ठ्याची अरुंद पट्टी चालेल, की खोबणीभर उतरती लाकडी पाचरच हवी? पट्टीमुळे पोकळी राहते आणि वर्षानुवर्षांनी नेकचं टोक वर उचलतं, असं ऐकलंय. कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का?

फेंडरच्याच मस्टँग गिटारचा ब्रिज त्याच कपांत (ब्रिजचे पाय टेकतात त्या वाट्यांत) बसतो आणि त्याच्या सॅडलला एकच खोल खाच असते, हे माहीत आहे. पण मूळ ब्रिज काढायला मन होत नाही. टेलपीसच्याच स्क्रूंवर बसणारी, तारा खाली दाबणारी दांडीही मिळते. तिच्या घर्षणामुळे ट्रेमोलो (तारा सैल-ताठ करून सूर हलवणारी सोय) वापरल्यावर तारा सुरात परत येतात का?

लाकडाला नवीन भोक पाडायचं नाही, एवढी एकच अट.

शनिवारी नेकचे चार स्क्रू उघडणार आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल. नेकच्या टाचेवर तारखेचा शिक्का दिसला तर फोटो टाकतो.