घरबसल्या झूम करून दिसतं, मग म्युझियममध्ये जायचं कशाला?

रिकामटेकडा:
मंडळी, बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. परवा रात्री झोप येईना म्हणून डच चित्रकार रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' हे पहारेकऱ्यांच्या घोळक्याचं चित्र उघडलं आणि झूम करत करत एवढा आत गेलो की रंगाला गेलेले तडे दिसायला लागले. ते जिथे आहे त्या ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने ८४३९ फोटो जोडून ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांची इमेज केलीय. प्रत्यक्षात कोण एवढ्या जवळ जाऊ देणार, लांबूनच दहा डोकी चुकवत बघायचं. मग जायचंच कशाला? की माझं काही चुकतंय?

धूळपाटी:
चुकतंय. तडे दिसले, पण चित्र दिसलं का? ते साडेतीन मीटरहून उंच आणि चार मीटरहून रुंद आहे, मोबाइलवर आपण एकतर तळहाताएवढं बघतो नाहीतर नखाएवढा तुकडा, मधलं काहीच नाही. बाकी टेक्नॉलॉजीला माझा विरोध नाही हां. १७१५ मध्ये जागेत मावेना म्हणून हे चित्र चक्क कापलं होतं, आणि २०२१ मध्ये एका जुन्या नकलेवरून, कॉम्प्युटरला रेम्ब्रांटची शैली शिकवून, त्या गेलेल्या पट्ट्या परत तयार करून मूळ चित्राच्या कडेला लावल्या. मधोमध उभे वाटणारे दोघं जण उजवीकडे सरकले आणि सगळा घोळका चालायला लागल्यासारखा दिसायला लागला. (मी हेसुद्धा फोटोतच बघितलंय, कबूल.)

बोरूबाई:
जुनी हस्तलिखितं स्कॅन करायचं काम करते म्हणून लिहिते. फोटो काढणं सोपं हो. कडेला रंगांची पट्टी आणि मोजपट्टी ठेवायची, पान सपाट होत नसेल तर दाबायचं नाही, झालं. कंबर मोडते ती नोंदी करताना. एकदा आमच्या हाती जुनी हार्ड डिस्क आली, हजारो फोटो, सगळ्यांची नावं कॅमेऱ्याने दिलेली, नुसते आकडे, कुठलं पान कुठल्या हस्तलिखिताचं काही पत्ता नाही. तीन आठवडे मूळ कागद पुढ्यात घेऊन जुळवत बसलो! म्हणजे कोणी कोणाला जपलं सांगा.
बीबीसीचं तर अजून भारी. इंग्लंडच्या १०८६ च्या 'डोम्सडे' या जमीनजुमल्याच्या नोंदवहीला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये नवीन डोम्सडे केलं, लेझरडिस्कवर, म्हणजे सीडीसारख्या मोठ्या तबकडीवर. वीसेक वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रंच मिळेनाशी झाली, डेटा बाहेर काढायला केवढा खटाटोप. कातड्यावरची जुनी वही मात्र आजही वाचता येते.

अर्धवट_ज्ञानी:
बोरूबाई, पटतंय पण थोडं एकांगी होतंय. एप्रिल २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली, त्याच्या कितीतरी आधी अँड्र्यू टॅलन नावाच्या कला-इतिहासकाराने अख्खं चर्च लेझरने मोजून ठेवलं होतं, अब्जाहून जास्त बिंदू. तो स्वतः २०१८ मध्येच गेला, पण त्याची मोजमापं कामी आली. उलट २०१८ मध्ये ब्राझीलचं राष्ट्रीय म्युझियम जळालं तेव्हा तुमच्याकडे वस्तूंचे फोटो असतील तर पाठवा म्हणून लोकांना विनवायची वेळ आली.
आणि इटलीतल्या हर्क्युलेनियम या जुन्या रोमन गावात सापडलेल्या पपायरसच्या (झाडापासून केलेल्या कागदाच्या) लिखित गुंडाळ्या विसरू नका. सन ७९ मध्ये ज्वालामुखीत कोळसा झालेल्या, उलगडायला गेलं की भुगा. २०२३ मध्ये न उघडता, स्कॅन करून कॉम्प्युटरने आतला पहिला अख्खा शब्द वाचला. 'जांभळा' या अर्थाचा ग्रीक शब्द. तिथे तुम्ही म्युझियममध्ये दिवसभर उभे राहिलात तरी तुम्हाला दिसणार काय, कोळसा.

रिकामटेकडा:
जांभळा, बापरे. एवढ्या खटाटोपानंतर एक रंग, पण अंगावर काटा आला. बोरूबाई, तुमचं वाचून घाम फुटलाय, कारण मी घरचे जुने अल्बम स्कॅन करायला काढलेत आणि माझ्या पण सगळ्या फाइल्स नुसते आकडेच आहेत. नावं काय देऊ?

बोरूबाई:
साल, अल्बम नंबर, पान नंबर, मग कोण आणि कुठे. साल माहीत नसेल तर अंदाजे लिहा पण 'अंदाजे' हा शब्दही लिहा. आणि फोटोची मागची बाजू पण स्कॅन करा हो, पेनने काहीबाही खरडलेलं असतं, खरा माल तिथेच सापडतो.