पीएसक्यूएलमधून सीएसव्ही आत जात नाही, बाहेर काढली तर मराठी नावांचा चुराडा

घणसोलीकर:
ठाणे-ऐरोलीतल्या सोसायट्यांची सभासदयादी एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) करून पोस्टग्रेस १६ या डेटाबेसमध्ये घ्यायची आहे. ४,२१२ ओळी. रकाने: आयडी, नाव (देवनागरी), पत्ता, महावितरणचा ग्राहक क्रमांक, ताबा तारीख. सर्व्हर महापेला, लिनक्सवर. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला कमांड देण्याचा प्रोग्रॅम) घरच्या विंडोजवर. 'कॉपी... फ्रॉम' दिलं की परवानगी नाही म्हणतो. फाइल सी ड्राइव्हवर समोर दिसतेय. एक्स्पोर्ट केलेली फाइल एक्सेलमध्ये उघडली तर नावांच्या जागी भलतीच चिन्हं.

तलावपाळी:
नुसती कॉपी सर्व्हरवर चालते, फाइलही सर्व्हरच्याच डिस्कवर शोधते. महापेच्या लिनक्सला तुमचा सी ड्राइव्ह कुठून दिसणार? बॅकस्लॅशवाली कॉपी वापरा. ती फाइल तुमच्या मशीनवर वाचून जोडणीतून पाठवते, सुपरयूजरचे (डेटाबेसच्या सर्वाधिकारी खात्याचे) हक्क लागत नाहीत. एररखालच्या हिंटमध्ये हेच लिहिलेलं असतं, पण हिंट वाचतो कोण! (टाइप अर्थातच रोमनमध्ये.)

\कॉपी सभासद_कच्चे फ्रॉम 'सी:/डेटा/यादी.सीएसव्ही' विथ (फॉरमॅट सीएसव्ही, हेडर, एन्कोडिंग 'यूटीएफ८')

सगळं एकाच ओळीत. मध्ये एंटर चालत नाही. एन्कोडिंग गाळू नका, नाहीतर विंडोजचं कोडपेज (अक्षरांची जुनी, मर्यादित सारणी) धरलं जातं आणि त्यात देवनागरी नसते. एक्सेलमधून सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८'च निवडा. साध्या सीएसव्हीत मराठी नावांची तिथेच प्रश्नचिन्हं होतात, ती नंतर काही केल्या परत येत नाहीत.

खाडीपलीकडे:
'सभासद_कच्चे' हे फाइल जशीच्या तशी उतरवून घ्यायचं तात्पुरतं टेबल, त्यातले सगळे रकाने टेक्स्ट ठेवा. तारखेचा रकाना थेट डेट ठेवलात तर फसाल. पोस्टग्रेस मुळात महिना आधी धरतो. १३/०४/२०२३ ला एरर येते, ते बरं. ०३/०४/२०२३ मात्र गुपचूप ४ मार्च होऊन बसते आणि कुणाला पत्ता लागत नाही. कच्च्यातून पक्क्या टेबलात नेताना टू_डेट(ताबा, 'डीडी/एमएम/वायवायवायवाय') द्या.

ग्राहक क्रमांक १२ आकडी. एक्सेल तो २.८ई+११ असा दाखवतो आणि सीएसव्हीतही तसाच लिहितो. सेव्ह करण्याआधी रकान्याला नंबर फॉरमॅट, दशांश शून्य. आत घेतल्यावर लाइक '%ई+%' लावून असे बिघडलेले क्रमांक उरलेत का, ते एकदा बघाच.

आयडी फाइलमधूनच येत असेल तर शेवटी सेटव्हॅलने सीक्वेन्स (नवे आयडी देणारा मोजणी-आकडा) मॅक्स(आयडी)वर, म्हणजे सर्वांत मोठ्या आयडीवर आणा. नाहीतर पुढचा नवा सभासद घालताना 'डुप्लिकेट की' (आयडी आधीच वापरलेला) अशी एरर.

घणसोलीकर:
परवानगीचं सुटलं. आता ३८९ व्या ओळीवर 'शेवटच्या रकान्यानंतर जादा डेटा'. टेबल रिकामंच.

तलावपाळी:
एक ओळ अडली की अख्खी कॉपी मागे फिरते, म्हणून रिकामं. ती ओळ नोटपॅडमध्ये कुणीतरी हाताने घातलेली दिसते: 'सेक्टर १७, वाशी' अवतरणाशिवाय असेल, तर स्वल्पविरामाने एक रकाना वाढला. पत्त्याला दुहेरी अवतरण लावा. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १७ मध्ये चुकीच्या ओळी वगळणारं 'ऑन_एरर इग्नोर' आहे, पण ते रकान्याच्या प्रकारात न बसणाऱ्या मूल्यांपुरतं. जादा रकान्याला त्याचा उपयोग नाही. शेवटी 'कॉपी ४२१२' असा आकडा यायला हवा.

एक्स्पोर्टची फाइल बहुधा ठीकच आहे. तिला बीओएम (फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणारी सुरुवातीची खूण) नसतो, म्हणून डबल क्लिक केलं की एक्सेल चुकीचं एन्कोडिंग धरतो. डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल ओरिजिन ६५००१, आणि ट्रान्सफॉर्ममध्ये ग्राहक क्रमांक टेक्स्ट करा.