शस्त्रक्रियेनंतर वजन परत वाढलं म्हणजे ती वाया घालवली?

संथपाणी
रोखठोक यांनी काल लिहिलं, "पोट लहान करून मिळालं तरी ज्यांना तोंडाला आवर घालता आला नाही, त्यांनी शस्त्रक्रिया वाया घालवली. अशांना दुसरी शस्त्रक्रिया मिळता कामा नये." त्याला भराभर मिळालेलं अनुमोदन पाहून तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणून हा वेगळा धागा.

माझ्या बायपासला बरीच वर्षं झाली. (हृदयाची नव्हे, वजनासाठीची. यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात.) सुरुवातीला चार घास गेले की नाक वाहायला लागायचं, छातीत दाटून यायचं. तो इशारा मिळाला की मी ताटावरून उठायचे. पुढे तो उशिरा येऊ लागला आणि मग यायचाच बंद झाला. ताट तेच, वाढून घेतलेलंही तेवढंच, पण संपल्यावर भूक उरायला लागली. "तुझी इच्छाशक्ती कुठे गेली?" असं विचारणाऱ्यांना सांगते, पहिल्या वर्षी माझं वजन इच्छाशक्तीने उतरलंच नव्हतं. तेव्हा मला भूकच लागत नव्हती.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला, वजनासाठीच्या शस्त्रक्रियांचा एसओएस (स्वीडिश ओबीज सब्जेक्ट्स) अभ्यास काढून बघा. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं आणि दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर आली. थोडं परत येणं हाच नेहमीचा क्रम आहे. आणि तरीही २००७ साली त्याच अभ्यासातून पुढे आलं की शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचं प्रमाण कमी होतं. मग वाया काय गेलं?

दवाखान्यांच्या भिंतींवर "आधी आणि नंतर"चे जे फोटो असतात, ते वजन सगळ्यात खाली असतानाचे. आठव्या वर्षाचा फोटो लावलेला मी तरी पाहिलेला नाही. त्या भिंतीसमोर बसून आपला नंबर यायची वाट बघणं ज्यांना असह्य होतं, ते तपासणीला जायचंच सोडतात. रोखठोक, तुमच्यासारख्यांच्या बोलण्याने अशी आणखी माणसं घरी बसतात.

रोखठोक
सरासरी मला सांगू नका. त्या सरासरीत वजन टिकवलेलेही आहेत आणि सगळंच्या सगळं परत आणलेलेही. फरक कशाने पडला, ते बोला.

माझी स्लीव्ह झाली आहे, म्हणजे जठर कापून त्याची नळी केली आहे. मलाही भूक लागते, रोज लागते. दर रविवारी वजन करतो आणि वहीत मांडतो. आधी प्रथिनं, जेवताना पाणी नाही, गोड पेयं बंद. हे डाएटिशियनने पहिल्याच भेटीत सांगितलेलं असतं. पण कित्येकांचं घट्ट अन्न बसत नाही म्हणून मिल्कशेक, आइस्क्रीम, बिस्किटं, दिवसभर थोडं थोडं चालूच. ते सरसर खाली उतरतं आणि पोट भरल्याचं कळतच नाही. मग खापर हार्मोनवर!

मला राग का येतो तेही ऐका. माझ्या धाकट्या भावाला हृदयाच्या दुखण्यामुळे भूल सोसणार नाही म्हणून शस्त्रक्रिया नाकारली. मला जे मिळालं ते त्याला कधीच मिळणार नाही. त्याच्यासमोर बसून "माझा काही दोष नाही" हे मला ऐकवत नाही.

वॉर्डसिस्टर
रोखठोक, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या वहीवरून दुसऱ्याच्या पोटाचं निदान होत नाही.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात. घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन जिथे मुख्यतः तयार होतं तो वरचा भागही त्यात जातो. उरलेली नळी काही वर्षांनी सैलावू शकते. बायपासमध्ये पिशवीला आतडं जिथे जोडलेलं असतं ते तोंड रुंदावतं, मग अन्न पिशवीत थांबतच नाही. क्वचित पिशवी आणि बाजूला ठेवलेलं जठर यांच्यात पुन्हा वाट तयार होते आणि अन्न जुन्याच रस्त्याने जायला लागतं. हे एंडोस्कोपीत किंवा बेरियम पाजून काढलेल्या एक्सरेत दिसतं. कुणाच्या स्वभावात शोधून सापडत नाही. शिवाय स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं, थायरॉइड. हे सगळं तपासण्याआधीच "तोंड आवरा" म्हणून पाठवलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि दुसरी शस्त्रक्रिया "मिळता कामा नये" हे ठरवणारे तुम्ही कोण? तिची जोखीम पहिलीपेक्षा जास्त असते, त्यामुळे सर्जन आधीच दहादा विचार करतात.

मधलीवाट
मुद्दा थोडा बाजूला जाईल, पण मला बोलायचंच आहे. माझा राग शस्त्रक्रिया लपवणाऱ्यांवर आहे. माझ्या जवळच्या मैत्रिणीचं वजन झरझर उतरलं. "रोज चालते, बाकी काही नाही," असं ती सगळ्यांना सांगायची. तिच्या भरवशावर मी गुडघे सुजेपर्यंत चालत राहिले. तिचं उतरतंय आणि माझं नाही, म्हणजे आपल्यातच खोट आहे असं वाटून रात्र रात्र रडले. पुढे कधीतरी तिच्या पोटावरचे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे बारीक व्रण दिसले. आजही तिच्याशी धड बोलवत नाही.

अबोली२
मधलीवाट ताई, मी लपवलंय. नवऱ्याशिवाय घरात कुणालाही माहीत नाही. सांगितलं असतं तर माझ्या प्रत्येक घासावर डोळे रोखलेले असते. आता वजन चढतंय आणि तीच माणसं म्हणतात, "चालणं सोडलंस वाटतं." यावर काय उत्तर देऊ?

मधलीवाट
न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. "डॉक्टरांचे उपचार घेतले" एवढं म्हणायला काय जातं? तुमच्या एका वाक्याने समोरची बाई स्वतःला वर्षानुवर्षं कोसत बसते.

संथपाणी
माझं शरीर, माझ्या तपासण्या. कुणाला काय सांगायचं ते मी ठरवणार. पित्ताशय काढलं हे चारचौघांत सांगितलं नाही तर कुणी खोटारडी म्हणतं का?

मधलीवाट
पित्ताशयाबद्दल कुणी तुमच्याकडे सल्ला मागायला येत नाही. वजन उतरलं की येतात, आणि तुम्ही तो देता! माझ्या मैत्रिणीने तर मला चालण्याचं वेळापत्रक लिहून दिलं होतं. स्वतःच्या हाताने.

रोखठोक
इथे मी मधलीवाट यांच्या बाजूने आहे. मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगितलं. लपवलं की दुहेरी आयुष्य सुरू होतं. लोकांसमोर दोन घास आणि नंतर एकट्याने बसून खाणं.

संथपाणी
पुरुषाने सांगितलं की "हिंमत केली" म्हणतात आणि बाईने सांगितलं की "सोपा मार्ग घेतला". तुम्हाला सगळ्यांना सांगणं परवडलं, याचं श्रेय स्वतःच्या स्वभावाला देऊ नका. आणि एकट्याने कोण खातं, हे तुम्हाला कसं माहीत? तुमची ही भाषाच मला सहन होत नाही.

रोखठोक
माहीत आहे, कारण मीही ते केलं आहे. बायका-पुरुषांवर नेऊ नका.

टोचणी
एवढा वाद कशाला? आता वजन उतरवणारी औषधं आहेत, सेमाग्लुटाइड आहे, टिर्झेपॅटाइड आहे. वजन परत आलं तर इंजेक्शन सुरू करा, विषय संपला. शस्त्रक्रियेचा जमाना गेला.

वॉर्डसिस्टर
विषय संपत नाही. शस्त्रक्रियेनंतर परत चढलेल्या वजनावर ही औषधं वापरतात आणि उपयोगही होतो. पण सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवलं तेव्हा वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. हा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे सुरू करताना "किती वर्षं घ्यायचं?" हा प्रश्न आलाच. आधी पोटाची रचना तपासा, चालू औषधं तपासा, मग इंजेक्शनचं बोला.

अबोली२
मला एक विचारायचं होतं. वजन वाढायला लागल्यापासून मी तपासणीला गेलेच नाही, लाज वाटायची. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही कधीच्या सुटल्या. हल्ली तळव्यांना मुंग्या येतात. परवा एक चप्पल पायातून निसटली आणि मी तशीच पुढे गेले. मागून कुणीतरी हाक मारली तेव्हा कळलं. हे वजनामुळे होत असेल का?

वॉर्डसिस्टर
अबोली, बाकीचं सगळं सोड. हे वजनामुळे नाही असं धरून चाल आणि तातडीने दाखव. बायपास झाली असेल तर अन्नातलं बी-१२ नीट शोषलं जात नाही, स्लीव्हनंतरही कमी पडू शकतं. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

संथपाणी
रोखठोक, वाचलंत? मी सुरुवातीला म्हणत होते ते हेच. गोळ्या सुटल्या त्या लाजेपायी.

रोखठोक
वाचलं. तपासणीला जायची लाज वाटावी असं मला कुणालाही म्हणायचं नव्हतं. तरी ते वाक्य तसं लागत असेल, तर कालच्या लिखाणातून काढायला सांगतो. बिस्किटांबद्दल आणि वहीबद्दल मी बोललो त्यातला शब्दही मागे घेणार नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेचं सर्जनने ठरवावं, माझी हरकत नाही. अबोली ताई, आजच जा.

मधलीवाट
माझं मत बदललेलं नाही. पण अबोली, तू आधी डॉक्टरांकडे जा, घरच्यांना सांगायचं की नाही ते नंतर बघू. सोबत कुणी हवं असेल तर मला निरोप कर.

अबोली२
जाते. पण आत गेल्या गेल्या काट्यावर उभं करतील ना?

वॉर्डसिस्टर
रक्ततपासणीला वजन लागत नाही. "आज वजन करायचं नाही, पायाला मुंग्या येतात म्हणून आले आहे," असं काउंटरवरच सांग. शस्त्रक्रिया झाल्याचं मात्र डॉक्टरांपासून लपवू नकोस. बी-१२बरोबर थायमिन, फोलेट, लोह, फेरिटिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्याही तपासण्या लिहून घे. आणि रक्त देण्याआधी घरातली बी-१२ची गोळी घेऊ नकोस, नाहीतर आकडा खोटा वर दिसेल.