अपरिमेय म्हणजे अपरिमित नव्हे

पृच्छा : आठवीतल्या भाचीला मी ‘अपरिमेय’चा अर्थ ‘मोजता न येणारी’ असा सांगितला. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात एक फूट बाजूच्या चौरस शहाबादी फरश्या आहेत. तिने टेप आणून त्यांतल्या एकीचा कर्ण, म्हणजे √२ फूट, मोजला आणि विचारले, “मामा, हा तर मोजता आला, मग √२ अपरिमेय कशी?” माझे कुठे चुकले?

उत्तर : आपण ‘अपरिमेय’ला ‘अपरिमित’चा अर्थ दिलात. ‘अपरिमित हानी’ म्हणताना आपल्याला सीमा नसलेली हानी अभिप्रेत असते. √२ मात्र १.४ आणि १.५ यांच्या मध्येच आहे. दोन्ही शब्द ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूचेच, परंतु गणितातल्या ‘परिमेय’मध्ये मोजण्याची अट कडक आहे : एककाचे काही समान भाग करून त्यांतल्या एका भागाच्या मापाने ती लांबी नेमकी, काहीही न उरता, भरली पाहिजे. फुटाचे ४०८ समान भाग केले, तर कर्णात असे ५७७ भाग जवळजवळ बसतात. पण ५७७चा वर्ग ३३२९२९, आणि ४०८च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. हा एकाचा फरक कितीही बारीक भाग केले तरी शून्य होत नाही, कारण पूर्णांकाच्या वर्गात २ हा अवयव सम वेळा येतो आणि वर्गाच्या दुपटीत विषम वेळा. (५७७/४०८ हे आसन्न मूल्य बौधायनाच्या शुल्बसूत्रातल्या, म्हणजे वेदी रचण्याच्या प्राचीन ग्रंथातल्या, नियमातून मिळते, तिथला √२साठीचा ‘द्विकरणी’ हा शब्द पाहिला की शाळेतली ‘करणी’, म्हणजे √२सारखी मुळाच्या चिन्हातली संख्या, एकदम ओळखीची वाटू लागते.) टेप मिलिमीटरशी थांबते, म्हणून भाचीला कर्ण ‘मोजता’ आला.

पृच्छा : मग दशांश चिन्हापुढे अंक संपत नाहीत ती अपरिमेय, असे सांगू का?

उत्तर : तेही अपुरे आहे. २२/७ करून पाहा : ३.१४२८५७१४२८५७… हे अंक संपत नाहीत, तरी १४२८५७ हा गट पुन्हापुन्हा येतो, म्हणून ती परिमेयच. π मात्र अपरिमेय, हे गणितज्ञ लँबर्टने १७६१ साली सिद्ध केले. π = २२/७ असे बरोबरीचे चिन्ह घालून लिहिण्याची सवय माझ्या मते या गोंधळाला निम्मी जबाबदार आहे. ‘अखंड’ (अंक न संपणारी) आणि ‘आवर्ती’ (ठरावीक गट पुन्हापुन्हा येणारी) हे शब्द तिला वेगवेगळे समजवा. ०.१०१००१०००१… यात शून्ये एकेकाने वाढत जातात, म्हणजे रचना स्पष्ट दिसते. पण ठरावीक गटाची आवृत्ती नाही, म्हणून ही संख्या अखंड असूनही अनावर्ती, अर्थात अपरिमेय आहे.