क्वालिटी इंजिनिअरला नेमकं काय यायला लागतं?

प्रश्न: मशीन शॉपमध्ये क्वालिटीला लागून दोन महिने झाले, दिवसभर व्हर्निअर घेऊन पार्ट मोजायचे न रजिस्टर भरायचं, बास. हेच काम असतं का? पुढे काय शिकू?

उत्तर १: अरे मोजणं इन्स्पेक्टरचं काम, तुझं काम पार्ट का बिघडला ते शोधायचं. आधी ड्रॉइंग नीट वाचायला शीक, मग कंट्रोल चार्ट (मापं वेळेनुसार कशी सरकतात त्याचा आलेख), सीपीके (प्रोसेस टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकात, किती आरामात बसते त्याचा आकडा) वगैरे, सीपीके 1.33 च्या खाली आलं की बोंबाबोंब सुरू. आमच्याकडे एकदा बोअर (पार्टमधलं भोक) मोठा म्हणून माल परत आला, आमच्या एअर गेजवर (हवेच्या दाबाने भोक मोजायचं साधन) मात्र सगळं ओके, सगळे ऑपरेटरवर घसरले आणि शेवटी निघालं काय तर गेज सेट करायची मास्टर रिंगच झिजून मोठी झालेली, म्हणून मोठा बोअरही ओके दिसत होता!

उत्तर २: +१. म्हणून मास्टर वेळोवेळी कॅलिब्रेट करायचे. शिवाय गेज आर अँड आर पण करायचं (तोच पार्ट परत परत किंवा वेगवेगळ्या माणसांनी मोजला तर माप किती बदलतं ते बघायचं; झिजलेला मास्टर त्यात पकडला जात नाही), 10 टक्क्यांच्या आत आलं तर चांगलं, 30 च्या वर गेलं तर गेजच बाद. आणि प्रॉडक्शनवाल्यांशी गोड बोलायला शीक, नाहीतर खरं कारण कोणी सांगत नाही.

प्रश्नकर्ता: बाप रे, मी 0.02 मिमीपर्यंतच मोजणाऱ्या व्हर्निअरने 0.03 मिमीचा टॉलरन्स मोजतोय 😅 उद्याच मायक्रोमीटर मागतो.